निशाणी डावा अंगठा

इंग्लंडच्या मध्यभागी डर्बीशायर नावाचा जो डोंगराळ परगणा आहे, तेथील शिशाच्या खाणींचा कायदा मोठा विलक्षण होता. आणि त्या कायद्यातील एका कलमाची हकीकत आधी सांगितल्यावाचून ओसाड खाणीत उतरण्याचा आमचा उद्योग वाचकांना नीट उमगणार नाही. खाणीच्या तोंडावर माल वर ओढण्यासाठी जो लाकडी रहाट उभा असे, तो नुसता रहाट नव्हता; खाणकऱ्याच्या ताब्याची ती सरकारमान्य खूण होती. रहाट जागेवर आणि काम चालू, तोवर खाण त्याची. काम बंद पडलेले दिसले, की खाणींचा अंमलदार, ज्याला तिकडे 'बारमास्तर' म्हणत, तेथे येई आणि त्या लाकडावर सुरीने एक खाच पाडून निमूटपणे निघून जाई. आठवड्याने दुसरी खाच, त्यापुढच्या आठवड्याला तिसरी. आणि तिसरी खाच पडूनही वहिवाटदार हजर झाला नाही, तर खाण बेवारस ठरून जो मागेल त्याच्या नावे चढे. मात्र खाणीत पाणी भरले म्हणून, किंवा आत 'वारा' नाही म्हणून काम थांबले असेल, तर खाच पाडायची नाही, असा दंडक होता.

पाणी आणि वारा. त्या अशिक्षित, चिखलाने माखलेल्या लोकांनी आपल्या कायद्यात ग्राह्य धरलेली ही दोन कारणे पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहेत.

नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे मी त्या देशात होतो, आणि शनिवार-रविवारी माणसे हौस म्हणून जुन्या खाणींत उतरतात, हे प्रथम ऐकले तेव्हा साहेबाच्या अनेक वेडांपैकी हे एक, असे समजून मी हसण्यावारी नेले होते. पण विचार करता ध्यानात आले, की सुट्टी लागताच पाठीवर पिशवी टाकून राजगड-तोरण्याच्या वाटेला लागणारा आपला तरुण तरी दुसरे काय करतो? पडलेला दरवाजा, बुजलेले टाके, भिंतीतला कोनाडा, यांवरून तेथे वावरलेल्या माणसांचा दिनक्रम जुळवण्याचा तोच छंद; फरक एवढाच, की येथे वाट वर न जाता खाली जाते, आणि ढासळलेला बुरूज आपल्या पायांखाली नसून डोक्यावर असतो. या छंदाला तेथे विद्येचे स्वरूपही आलेले आहे. पीक डिस्ट्रिक्ट माइन्स हिस्टॉरिकल सोसायटी ही संस्था 1959 मध्ये स्थापन झाली. तिच्या सभासदांनी कित्येक खाणी मोजल्या, त्यांचे नकाशे काढले, बुजलेली भुयारे मोकळी केली आणि मॅटलॉक बाथ या गावी खाणकामाचे संग्रहालय उभे केले.

आमची टोळी चौघांची. म्होरक्या व्यवसायाने प्लंबर होता, आणि या योगायोगाची मौज त्याला स्वतःलाच सर्वांत अधिक वाटे. कारण शिशाला लॅटिनमध्ये 'प्लंबम' म्हणतात, आणि शिशाचे नळ बसवणारा तो प्लंबर. दुसरा एका शाळेत इतिहास शिकवी. तिसरा आपल्या नागपूरचा. विदर्भातील कोळशाच्या खाणीत काही वर्षे पाळ्या केलेला, आणि त्यामुळे जमिनीखालच्या गोष्टींत आम्हा सर्वांहून सावध. चौथा मी, ज्याचा शिशाशी संबंध लहानपणी एका छापखान्यात खिळे जुळवताना पाहण्यापुरताच आलेला. (आपण जिला शिसपेन्सिल म्हणतो तिच्यात शिसे नसते, ग्राफाइट असते, हे ज्ञान तर मला फारच उशिरा झाले.)

खाण समजायची तर आधी डोंगर समजला पाहिजे. डर्बीशायरचा तो भाग चुनखडीचा. सुमारे 33 कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी सागरी जीवांच्या कवचांचे थरावर थर साचून तो खडक झाला. पुढे केव्हा तरी पृथ्वीच्या पोटातील तप्त, खारे पाणी त्या खडकाच्या भेगांतून वर चढले आणि निवताना आपल्यात विरघळलेली द्रव्ये भेगांच्या भिंतींवर ठेवून गेले. त्यांतच गॅलिना, म्हणजे शिसे आणि गंधक यांचे संयुग, शिशाचे मुख्य खनिज. ते ताजे फोडले तर आरशासारखे चकाकते, तुटले तरी चौकोनी ठोकळ्यांतच तुटते, आणि पाण्याच्या साडेसात पट जड असल्यामुळे लिंबाएवढा खडा हाती घेतला तरी हात आपोआप खाली जातो. या भेगा उभ्या, पाचरीसारख्या आणि कधी कधी मैलोगणती लांब. खाणकरी अशा मोठ्या शिरेला 'रेक' म्हणत. आज त्या माळावर उभे राहिले, तर हिरव्या गवतातून एका रेषेत गेलेली उंचवट्यांची आणि खड्ड्यांची मालिका दिसते. जमिनीवर जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण राहावा तशी. ती रेषा म्हणजे वरून दिसणारी खाण.

या रेषा फार जुन्या आहेत. रोमन लोकांनी येथल्या शिशाच्या लगडी ओतल्या व त्यांवर आपले शिक्के उठवले. विजेत्या विल्यमने 1086 मध्ये देशाची जी जमाबंदी करवली, तिच्यात वर्क्सवर्थ, मॅटलॉक, बेकवेल या गावांच्या शिशाच्या कारखान्यांची नोंद आहे. आणि 1288 मध्ये ॲशबोर्न येथे राजाज्ञेने चौकशी बसून खाणकऱ्यांचे परंपरागत हक्क कागदावर आले. ते हक्क वाचताना मन थक्क होते. चर्चचे आवार, बाग, फळबाग आणि राजरस्ता एवढे सोडून, राजाच्या खाणमुलखात कोणाच्याही जमिनीत शिसे शोधण्याचा अधिकार कोणाही माणसाला होता. जमीनमालकाने केवळ पाहत राहायचे. शीर सापडली, की बारमास्तरापुढे नमुना ठेवावा. तो शिरेच्या लांबीवर 'मीर' नावाच्या मापाने, म्हणजे ठिकाणपरत्वे 27 ते 32 यार्डांचे, तुकडे पाडी. पहिले दोन शोधणाऱ्याचे, तिसरा राजाचा. काढलेल्या मालावर सरकारी हिस्सा असे, तो ढोबळमानाने दर तेरा मापांतले एक माप. आपल्या सरदेशमुखीच्या दहाव्या हिश्श्याशी ताडून पाहता इंग्रज राजाची मागणी जरा सौम्यच म्हणावी लागेल. माल तोलण्याऐवजी मापण्याची रीत होती. त्यासाठी आपल्या पायलीसारखे, पण लांबट चौकोनी, पितळी घडणीचे प्रमाण-माप आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत करवले गेले, आणि ते वर्क्सवर्थच्या कचेरीत आजही साखळीने बांधून ठेवलेले आहे. चोरीची शिक्षा मात्र सौम्य नव्हती. तिसऱ्यांदा पकडलेल्या चोराचा तळहात सुरीने रहाटाच्या लाकडाला खिळवून ठेवावा, आणि त्याने एकतर हात तोडून घ्यावा नाहीतर तेथेच मरावे, असे त्या जुन्या दंडकात आहे. एडवर्ड मॅनलव्ह नावाच्या न्यायाधिकाऱ्याने 1653 मध्ये हा सारा कायदा चक्क पद्यात बांधला, बहुधा निरक्षर खाणकऱ्यांना तो पाठ व्हावा म्हणून. आणि नवलाची गोष्ट अशी, की खाणी बंद पडल्या तरी हे न्यायालय बंद पडलेले नाही. 'बारमोट' या नावाने ते वर्षातून एकदा भरते, पंच बसतात, पाव, चीज आणि बिअर यांचा समाचार घेतला जातो, आणि मातीच्या चिलमींतून तंबाखूही ओढली जाते. ज्याचा अंमल संपला त्याचे दफ्तर मात्र चालू. ही स्थिती आपल्या वाचकांना अगदीच अपरिचित वाटू नये.

त्या परगण्यात खाणकरी आपल्या आधी खणून गेलेल्या पिढ्यांना एकवचनी नाव देत: 'टाउड मॅन', म्हणजे म्हातारा. नवे भुयार खणताना अचानक जुनी पोकळी लागली, की 'येथे म्हातारा येऊन गेला' असे म्हणायचे. त्याने माल नेलेला असला तरी म्हाताराच, आणि त्याच्या नावाने जेवणातला घास ठेवायचा तोही म्हाताराच. पूर्वज, पिशाच्च आणि प्रतिस्पर्धी या तिन्ही कल्पना त्या एका शब्दात मिसळलेल्या. वर्क्सवर्थच्या चर्चमध्ये एका भिंतीत बसवलेले, हाती कुदळ आणि टोपली घेतलेल्या खाणकऱ्याचे एक लहानसे, ओबडधोबड शिल्प आहे. ते जवळच्या बॉन्सल गावाहून आणले गेले. त्यालाही लोक म्हातारा म्हणतात. असा म्हातारा आपल्याकडेही आहे, हे जाता जाता सांगितले पाहिजे. उदयपूरजवळच्या जावर येथे शिसे आणि जस्त यांच्या ज्या खाणी आहेत, तेथल्या जुन्या पोकळ्यांत सापडलेली लाकडे दोन हजार वर्षांहून जुनी ठरली; आधुनिक खाणीचे बोगदे तेथे पदोपदी प्राचीन कामांना जाऊन भिडले.

बॉन्सलच्या वरच्या माळावरील ज्या खाणीत आम्ही गेलो, तिचे नाव मी देत नाही. तसा तेथला शिष्टाचारच आहे, कारण नाव फुटले की कुलुपे फुटतात. जमीनमालकाची परवानगी म्होरक्याने आधीच काढली होती. वटवाघळे हिवाळ्यात भुयारांत निद्रिस्त असतात आणि त्यांना उठवणे कायद्याने मना आहे, म्हणून दिवस मे महिन्यातला निवडला होता. चौघेच का, याचेही उत्तर ठरलेले होते: एक जखमी झाला तर एकाने त्याच्यापाशी बसावे, आणि मदत आणायला दोघांनी जावे, म्हणजे अंधारात कोणीच एकटा राहत नाही. प्रत्येकापाशी तीन दिवे, एक शिरस्त्राणावरचा आणि दोन खिशांत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे म्होरक्याच्या बायकोने आमची चार नावे, खाणीचे ठिकाण आणि 'सात वाजता' एवढे शब्द आपल्या स्वयंपाकघरातल्या फळ्यावर खडूने लिहून ठेवले होते. सातपर्यंत निरोप आला नाही, तर पोलिसांमार्फत डर्बीशायरच्या गुहा-बचाव पथकाला वर्दी जायची.

विहिरीच्या तोंडावर लोखंडी झाकण. ते उचलले, तेव्हा दिसला तो आपल्या कोकणातल्यासारखा गडगा. चुना नाही, माती नाही. नुसत्या दगडांवर दगड रचून आठ-दहा हात खोलीपर्यंत गोल बांधलेला. त्याखाली मूळ खडक सुरू होई. शेजारी एका खोपटाचे जोते होते; तेथे खाणकरी कोरडे कपडे ठेवी आणि ओले चढवी. विहिरीच्या भिंतींत ठरावीक अंतरावर आडव्या लाकडी दांड्या ठोकलेल्या होत्या. त्यांवर पाय देत, तोंडात मेणबत्ती धरून, तो रोज वर-खाली करी. आम्ही त्या दांड्यांना स्पर्शही केला नाही. दमट, निश्चल हवेत लाकूड बाहेरून जसेच्या तसे दिसते, परंतु बुरशीने त्याचा आतून भुगा केलेला असतो. इतिहासाच्या मास्तरांनी बोटाने दाबले, तेव्हा शिळ्या केकमध्ये शिरावे तसे बोट आत गेले. याउलट जे लाकूड सतत पाण्याखाली राहिले ते शेकडो वर्षांनीही टणक निघते, कारण बुरशीला लागणारा प्राणवायू तेथे पोचत नाही. आम्ही आपापल्या दोरावरून, खिळीच्या साधनांनी गती आवरीत, उतरलो.

तळाशी जे भुयार लागले त्याला खाणकरी शवपेटीचे भुयार म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. सुरुंगाची दारू येण्यापूर्वी खडकाचा प्रत्येक घनइंच छिन्नीने काढावा लागे, म्हणून माणसाला जेवढी जागा लागते तेवढीच कोरायची: पायांशी अरुंद, खांद्यांशी रुंद, डोक्याशी पुन्हा अरुंद. त्यातून चालताना आपले माप कोणीतरी आधीच घेऊन ठेवले आहे, असा भास होतो. भिंतीवर छिन्नीचे घाव एकाखाली एक, तिरपे, इतके नेटके की दगडावर पाऊस पडून गोठला असावा. घाव कोणत्या बाजूला कलले आहेत त्यावरून कारागीर कोणत्या दिशेने खणत आला हे कळते. आणि मध्येच कल बदलला, की दोन टोकांनी आलेली दोन माणसे येथे भेटली, असे समजायचे. त्या भेटीची जागा आम्हाला एका ठिकाणी सापडली. दोन्ही भुयारांच्या तळांत चार बोटांचा फरक होता. अंधारात, मोजणीच्या दोरीवर भिस्त ठेवून केलेल्या कामात चार बोटे! अलीकडच्या काही रस्त्यांची जोडणी आठवून मला लाज वाटली.

पुढे भुयार उघडून शिरेच्या पोकळीत शिरते, आणि खरा धोका तेथे सुरू होतो. शीर उभी, माल काढत खाणकरी वर वर जाई, आणि निरुपयोगी दगड बाहेर नेण्याचे श्रम वाचवण्यासाठी पोकळीत आडवी लाकडे ठोकून त्यांवर तो रचून ठेवी. या रचलेल्या दगडांना 'डेड्स', म्हणजे सरळ मराठीत मढी, म्हणतात. रचना इतकी कुशल असते, की माथ्यावर छप्परच आहे असे वाटते. पण ते छप्पर त्याच कुजलेल्या लाकडांच्या, किंवा केवळ एकमेकांना दिलेल्या रेट्याच्या आधारावर शतकानुशतके थांबलेले असते. त्याच्याखाली आवाज मोठा करायचा नाही, हात लावायचा नाही, थांबायचे तर मुळीच नाही. मी नेमका तेथेच एका निळसर फ्लोरस्पारच्या स्फटिकाकडे पाहत उभा राहिलो. नागपूरकर मित्र हातातल्या काठीने माथ्याचा खडक ठोकून पाहत येत होता. कोळशाच्या खाणीतली ही त्याची सवय. पक्का खडक खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द. दोनदा त्याने ठोकले, आवाज बद्द आला, आणि तो अगदी शांतपणे म्हणाला, "इथे उभं नको राहू ना भाऊ, सरक तिकडे." मी सरकलो. काहीच पडले नाही. पडलेच पाहिजे असा काही नियम नाही. म्हणूनच माणसे त्याखाली उभी राहतात.

आता वारा. ओसाड खाणीतील हवा ही विषारी असते ती कोणी विष कालवल्यामुळे नव्हे, तर हळूहळू तिच्यातला प्राणवायू खर्च झाल्यामुळे. कुजणारे लाकूड आणि गंजणारी गंधकयुक्त खनिजे तो शोषून घेतात. कार्बन डायॉक्साइड साचतो, आणि तो हवेच्या दीडपट जड असल्यामुळे खोलगट जागी तळ्यासारखा पसरून राहतो. नेहमीच्या हवेत प्राणवायू सुमारे 21 टक्के. तो 16-17 टक्क्यांपर्यंत उतरला, की मेणबत्ती विझते. माणूस त्यानंतरही काही काळ तग धरतो, आणि जुन्या खाणकऱ्याला पळ काढायला तेवढी सवलत पुरे होई. आपला विजेचा दिवा हे काही करीत नाही. गुदमरणाऱ्या माणसाच्या डोक्यावर तो तितक्याच प्रसन्नतेने जळत राहतो. प्रगतीने हिरावलेला हा इशारा आता आम्ही गळ्यात अडकवलेल्या एका लहानशा यंत्राकडून विकत घेतो, प्राणवायू 19.5 टक्क्यांखाली गेला की ते किंचाळते.

खाण श्वास कशी घेते तेही पाहण्याजोगे आहे. जमिनीखाली तेथे बारमास आठ-नऊ अंश तापमान. हिवाळ्यात बाहेर गारठा पडला, की आतली तुलनेने ऊबदार, हलकी हवा वरच्या तोंडाने निघून जाते आणि खालच्या तोंडाने थंड हवा आत ओढली जाते. उन्हाळ्यात हेच उलटे होते. पण आत-बाहेरची उष्णता सारखी झाली, की प्रवाह थांबतो. शिवाय वादळापूर्वी वायुभार उतरला, तर बंद कप्प्यांत कोंडलेली मृत हवा बाहेर पाझरून चालण्याच्या वाटेवर येते. म्हणून आमच्या म्होरक्याने निघण्याच्या आदल्या रात्री पहिली चौकशी केली ती वायुभाराची. (रॅडॉन हा किरणोत्सारी वायूही त्या चुनखडीत पुष्कळ, परंतु त्याचा हिशेब घटकांचा नसून वर्षांचा असतो, आणि क्वचित जाणाऱ्याने त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही.) शिशाच्या खाणीत ज्वालाग्राही वायू नसतो, असा एक समज होता. तोही 1932 साली यूलग्रेव्ह गावाजवळच्या मॉस्टोन खाणीत खोटा ठरला: चुनखडीवरच्या शेलच्या थरांतून मिथेन झिरपला, स्फोट झाला, आणि सोडवायला गेलेल्या माणसांसह आठजण दगावले.

वाऱ्याचा शस्त्र म्हणूनही उपयोग झालेला आहे. शेल्डन गावाजवळ मॅग्पाय आणि रेड सॉइल या दोन खाणी एकाच शिरेवर हक्क सांगत होत्या. जमिनीखाली दोन्ही पक्ष एकमेकांच्या भुयारांत घुसत, आणि प्रतिपक्षाला हुसकण्यासाठी आग पेटवून धूर सोडीत. 1833 मध्ये मॅग्पायकरांनी केलेल्या धुरात रेड सॉइलचे तिघे गुदमरून मेले. खुनाचा खटला उभा राहिला. जिवे मारण्याचा हेतू सिद्ध होईना, म्हणून आरोपी सुटले. तिघांच्या विधवांनी मग त्या खाणीला शाप दिला, असे लोक सांगतात. शापाची बाब कायद्याच्या कक्षेबाहेरची. पण मॅग्पाय पुढे पुन्हा पुन्हा तोट्यात बुडाली आणि 1950 च्या दशकात कायमची थांबली, एवढे खरे.

तिला बुडवले ते मुख्यतः पाण्याने. चुनखडी सच्छिद्र, पाऊस थेट खाली. खोल जावे तो पाणी. उपसावे तर खर्च उत्पन्नाला खाऊन टाकी. यावर डर्बीशायरने काढलेला उपाय म्हणजे 'सफ': दरीतल्या नदीच्या पातळीवरून डोंगराच्या पोटापर्यंत, अगदी मंद चढाने खणत नेलेले पाण्याच्या निचऱ्याचे भुयार. यातले पहिले मोठे काम सतराव्या शतकात कॉर्नेलियस व्हर्मुइडन या डच अभियंत्याने केले. हिलकार सफ 1766 साली सुरू झाले, ते 21 वर्षांनी पुरे झाले, साडेचार मैल. ज्या माणसाने पहिला घाव घातला, त्याचा मुलगा शेवटच्या घावाला हजर असेल. आणि येथे आपल्या इतिहासाला अनपेक्षित धक्का लागतो. रिचर्ड आर्कराइटने 1771 मध्ये क्रॉमफर्ड येथे पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारली, ती जागा निवडण्यामागे एक कारण असे, की तेथे क्रॉमफर्ड सफचे पाणी येई. जमिनीच्या पोटातून येणारे ते पाणी कडक हिवाळ्यातही गोठत नसे. ज्या यंत्रयुगाने पुढे आपल्या कोष्ट्यांच्या मागांवर संक्रांत आणली, त्याचे पहिले चाक शिशाच्या खाणींच्या सांडपाण्यावर फिरत होते. नियतीने परतफेडही तेथेच केली: त्याहून खोल पातळीवर मेरब्रुक सफ गेले, आणि त्याने क्रॉमफर्डचे पाणी तळातून चोरले, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गिरणी कोरडी पडत गेली.

सफ हे खाणकऱ्याचे सर्वांत टिकाऊ काम, परंतु त्याचा राग वाईट. मॅग्पायचे सफ 1881 साली पुरे झाले होते. 1962 मध्ये आत कोठेतरी दरड कोसळून ते तुंबले. पाणी मागे मागे साचत गेले, आणि 1966 मध्ये त्या साठ्याने तोंडाशी असलेला डोंगराचा उतारच उडवून दिला. माती-दगडांचा लोंढा वाय नदीत गेला. बुजलेल्या भुयारात पाण्याचा नुसता ओलावा दिसला तरी ते खोदू नये, असे म्होरक्या आम्हाला का बजावत होता, ते ही हकीकत कळल्यावर समजले. ओलाव्याच्या पलीकडे किती वर्षांचा पाऊस उभा आहे, हे अलीकडून दिसत नाही.

परतीच्या वाटेवर एका आडव्या कप्प्यापाशी म्होरक्याने आम्हाला थांबवले, सगळ्यांचे दिवे बाजूला वळवायला लावले, आणि आपला दिवा भिंतीला चिकटवून तिरपा धरला. छातीच्या उंचीवर, पक्क्या खडकाच्या एका खोबणीत, पिवळसर चिकणमातीचा लाडवाएवढा गोळा चिकटवलेला होता. त्याच्या मध्ये बोटभर भोक; भोकाच्या कडेला काजळी, आणि आत चरबीच्या मेणबत्तीचा काळा पडलेला टवका. खाणकरी मेणबत्ती अशीच लावीत: मातीचा गोळा भिंतीवर थापटायचा, त्यात मेणबत्ती खोचायची, आणि तिच्या प्रकाशात काम करायचे. गोळ्याच्या उजव्या अंगाला, माती दाबून बसवताना उमटलेला, अंगठ्याचा ठसा होता. चक्राकार रेषा मोजता येतील इतका स्पष्ट. मध्ये एक तिरपी फट, जुन्या जखमेची असावी. त्या निश्चल, दमट हवेत माती वाळली नव्हती की ओघळली नव्हती. मी आपला हात हवेतच तसा धरून पाहिला. उजव्या हातात हत्यार धरून उभे राहिले, तर गोळा दाबायला डावाच हात मोकळा राहतो, आणि त्याचा अंगठा बरोबर त्याच अंगाला पडतो.

"निशाणी डावा अंगठा," नागपूरकर म्हणाला.

आम्ही दोघे हसलो, आणि मग त्या दोन इंग्रजांना तलाठ्याच्या चावडीतला आमचा तो सारा विनोद समजावून सांगण्यात काही मिनिटे गेली. मास्तरांना तो पटला. बारमास्तराच्या वहीतही असेच असे, ते म्हणाले. ज्याला लिहिता येत नसे, तो नावापुढे फुली मारी. रहाट कुजून गेला, खाचा पाडायला लाकूड उरले नाही, बारमास्तराच्या वहीतली पाने कोणी उघडत नाही. आणि मागे राहिलेल्या ताबेपावतीवर सही मात्र शाबूत. म्होरक्याने खिशातून पांढऱ्या फितीचे भेंडोळे काढून गोळ्यासमोर जमिनीवर एक रेषा आखली, पुढे येणाऱ्याचा खांदा त्याला लागू नये म्हणून, आणि आम्ही एकेक करून, अंग चोरून, तेथून सरकलो.

दोरावरून वर चढायला उतरण्याच्या तिप्पट वेळ लागतो, हे मला आधी कोणी सांगितले नव्हते. झाकण लावून कुलूप घातले, तेव्हा पावणेसात झाले होते. मी पिशवीतली पोळी काढली, तो म्होरक्याने हात धरला. शिशाचा कण पोटात जाऊ नये म्हणून आधी हात धुवायचे. त्या परगण्यात शिशाने बाधलेल्या जमिनीला 'बेलंड' असा खास शब्दच आहे, आणि बेलंड कुरणात चरलेली गुरे मरतात. गुरांच्या दगडी डोणीत हात घासून होईतो त्याने घरी फोन लावला. त्याच्या बायकोने फळ्यावरची चार नावे पुसली, आणि येताना दूध आणायला सांगितले.